रकाना आणि खांब

अ‍ॅमस्टरडॅममध्ये आर्टिस प्राणिसंग्रहालयाजवळ प्लांटाज केर्कलान नावाचा रस्ता आहे. तिथल्या 36 नंबरच्या इमारतीवर एक पाटी लावलेली आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शहराचं लोकसंख्या नोंदणी कार्यालय इथे होतं. भारतातून पाहुणे आले की ट्यूलिपच्या आधी मी त्यांना ही पाटी दाखवतो, आणि बायको दर वेळी वैतागते. पण माझं पोट सेन्सरवर चालतं. रस्त्यावरची गर्दी, गाड्या, हवा मोजणारी यंत्रं खांबावर चढण्याआधी त्यांची कागदपत्रं तपासायची, हे माझं काम. इथले सेन्सरचे नियम कुठून आले, हे कुणी विचारलं तर मला या पाटीपासूनच सुरुवात करावी लागते.

नेदरलँड्समध्ये 1930 च्या दशकात प्रत्येक माणसाचं एक कार्ड अशी नोंदणी आली. माणूस घर बदलून दुसऱ्या गावी गेला की कार्ड त्याच्या मागोमाग तिथल्या पालिकेत जायचं. या व्यवस्थेमागे याकोब लेन्ट्स नावाचा सरकारी अधिकारी होता. माझे वडील सोलापुरात जन्म-मृत्यूच्या नोंदी लिहायचे. स्वच्छ अक्षर आणि पूर्ण भरलेलं पान यापलीकडे त्यांना सुख नव्हतं. लेन्ट्सचं काम पाहून त्यांनी मान डोलावली असती. त्या कार्डावर धर्माचाही रकाना होता. कुणाचं वाईट करावं म्हणून तो छापलेला नव्हता. वडील म्हणायचे, रकाना छापलेला असला की कारकून तो भरतोच, कशाला ते विचारत नाही.

मे 1940 मध्ये जर्मन फौजा आल्या. पुढच्या वर्षी मे महिन्यात पालिकेच्या सांख्यिकी विभागाने शहराचा एक नकाशा करून दिला. त्यावर काळे ठिपके होते, आणि एक ठिपका म्हणजे दहा ज्यू. ठिपके काढणारे लोक पालिकेचेच पगारी नोकर होते. देशातल्या सुमारे 1 लाख 40 हजार ज्यूंपैकी 1 लाखाहून अधिक मारले गेले. याला एकटी कार्डं कारण नव्हती, पण पत्ता शोधत हिंडायची वेळ कुणावर आली नाही.

27 मार्च 1943 च्या रात्री चित्रकार-लेखक विलेम अरोंडेउस, शिल्पकार खेरिट फान देर फेन आणि त्यांचे साथीदार पोलिसांच्या वेशात त्या 36 नंबरमध्ये शिरले. गणवेश त्यांच्यातल्याच एका शिंप्याने शिवले होते. पहारेकऱ्यांना वैद्यकीच्या विद्यार्थ्यांनी झोपेचं इंजेक्शन दिलं आणि उचलून आर्टिसच्या बागेत नेऊन ठेवलं. मग कपाटं रिकामी करून कार्डांचे ढीग पेटवले, स्फोट घडवले. अग्निशमन दलाचे जवान सावकाश आले आणि आग विझल्यावरही पाणी मारत राहिले, म्हणजे जळलं नाही ते भिजावं. एवढं करूनही नष्ट झाली ती थोडीच कार्डं. गटातल्या बारा जणांना 1 जुलै 1943 रोजी गोळ्या घातल्या. नोंदींची दुसरी प्रत हेगमधल्या एका इमारतीत होतीच. ती जाळायला ब्रिटिश विमानांना 11 एप्रिल 1944 रोजी दिवसाढवळ्या त्या इमारतीवर बाँब टाकावे लागले आणि त्यात तिथले कर्मचारीही मेले. कागदावर एकदा उतरलेली माहिती पुसायची किंमत ही अशी असते.

हे देश विसरला नाही. 1971 ची जनगणना संगणकासाठी बेतलेल्या अर्जांवर झाली, तेव्हा अनेकांनी युद्धाची आठवण काढत अर्ज भरायला नकार दिला. घरोघरी जाऊन केलेली ती शेवटची डच जनगणना.

मग खांबांवर सेन्सर आले. एन्सखेडे शहराने बाजारपेठेतली गर्दी मोजण्यासाठी लोकांच्या मोबाइलमधून निघणारे वायफायचे संकेत टिपायला 2017 मध्ये सुरुवात केली. गर्दी मोजायची, एवढाच हेतू. पण एकच फोन रोज कुठून कुठे जातो हेही त्यातून कळू शकतं, असं म्हणत माहिती संरक्षण प्राधिकरणाने 2021 मध्ये पालिकेला 6 लाख युरोंचा दंड ठोठावला. पालिकेने त्याविरुद्ध दाद मागितली. दंडाचं पुढे काय झालं ते बाजूला ठेवू. मला तिथे लेन्ट्सचा रकानाच दिसतो. मोजायची होती डोकी, आणि टिपली गेली फोनची ओळख.

अ‍ॅमस्टरडॅमने 1 डिसेंबर 2021 पासून नियम केला: सार्वजनिक जागेत सेन्सर लावणाऱ्या कंपनीने, संस्थेने, खुद्द सरकारी खात्यानेही त्याची नोंद पालिकेकडे करायची. ही यादी नकाशावर सगळ्यांना पाहता येते. त्या नकाशावरही ठिपके आहेत; फरक एवढाच, की या वेळी ठिपके पाहणाऱ्यांचे आहेत. नियम पुरता नाही. दारावरच्या कॅमेरेवाल्या घंटा खासगी म्हणून सुटतात, आणि तो नकाशा रोज उघडून पाहणारे माझ्यासारखे पगारी वाचकच जास्त असावेत.

यादीपेक्षा मला यंत्राच्या पोटातला बदल मोलाचा वाटतो. मोजणी कॅमेऱ्यातच करून फक्त आकडा बाहेर पाठवायचा, चित्र तिथल्या तिथे टाकून द्यायचं. किंवा कॅमेराच नको, मिलिमीटर तरंगांचं रडार लावायचं. त्याला हलणारे आकार कळतात, चेहरा कळत नाही. पालिका आणि एएमएस इन्स्टिट्यूट ही संशोधन संस्था यांच्या ‘रिस्पॉन्सिबल सेन्सिंग लॅब’ने शटरकॅम नावाचा नमुना केला: मोजणी बंद असेल तेव्हा भिंगासमोर खरंखुरं झाकण येतं आणि खालून जाणाऱ्या माणसाला ते दिसतं. आमच्या धंद्यातले काही जण याला पोरखेळ म्हणतात. मला तो पटतो, कारण झाकण पाहायला खासगीपणाचं धोरण वाचावं लागत नाही.

सोलापूर, पुणे, नाशिक, नागपूर ही शहरं स्मार्ट सिटी योजनेत होती आणि तिथल्या चौकांत कॅमेरे आले आहेत. तिथे राहणाऱ्यांना माझी विनंती आहे. आपल्या चौकातल्या खांबावर काय बसवलंय, ते काय टिपतं, किती दिवस ठेवतं आणि कुणाकुणाला देतं, हे पालिकेला माहितीच्या अधिकारात लेखी विचारा. अर्जाला दहा रुपये लागतात आणि उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं.