तीन दगडांची चूल

दिवाळी आली की पोरे अंगणात मातीचा किल्ला करतात. बुरूज उभे राहतात, अळीव पेरून रान उगवते, मावळे जागोजाग पहाऱ्याला बसतात. पण या मावळ्यांनी जेवण कुठे रांधले, हे कोणी विचारीत नाही. मीही कधी विचारले नव्हते. ती अक्कल मला एका फाल्गुनात आली, आणि फुकट आली नाही.

मी शाळामास्तर. वर्षातून एकदा मुलांना घेऊन एखादा गड चढायचा, हा माझा परिपाठ. त्या खेपेला अकरा मुले होती. माचीवर तीन दगड मांडले, काटक्या पेटविल्या आणि पिठल्याचे पातेले चढविले. नुकत्याच झालेल्या जयजयकाराने माझाही ऊर भरून आला होता. इतक्यात वारा फिरला. दगडांच्या फटीतून ठिणगी उडाली आणि गुडघाभर वाळलेल्या गवताने पेट घेतला. पिण्याचे होते नव्हते ते पाणी ओतले, हिरव्या फांद्यांनी आग झोडपली. खालच्या वाडीतला एक म्हातारा गुराखी धावून आला नसता, तर माचीबरोबर उतारावरची कारवीही गेली असती. आग विझल्यावर तो एवढेच म्हणाला, “गुर्जी, डोंगरात वारं बघून चूल घालावी.”

घरी आल्यावर एक जुने पत्र पुन्हा काढून वाचले. इतिहासाचार्य राजवाड्यांनी उजेडात आणलेले, १६७३-७४ च्या सुमाराचे, चिपळूणजवळ छावणीस असलेल्या पागेच्या जुमलेदार-हवालदारांना शिवछत्रपतींनी धाडलेले. वर्गात मी ते कितीदा तरी शिकविले होते. रयतेला तोशीस लावू नका, दाणावैरण पुरवून वापरा, एवढा भाग फळ्यावर लिहून दिला की माझे काम संपे. पुढला भाग विस्तवाचा आहे, तो मी भरभर वाचून टाकीत असे. कोणी शेकोटी करील, कोणी नको त्या जागी रांधील, कोणी तंबाखूसाठी निखारा नेईल. गवत किती, वारा कुठला, हे ध्यानात घेणार नाही. रात्री जळती वात उंदीर ओढून नेईल, याचीसुद्धा त्यात धास्ती आहे. एकदा सारे जळाले म्हणजे मागाहून कितीही कठोर शिक्षा केल्या तरी निवाऱ्याला लाकूड मिळायचे नाही, असा त्याचा रोख. ज्याने मोगल आणि आदिलशाही अंगावर घेतली, त्याला उघड्या चुलीचीही तेवढीच काळजी होती!

तीन दगडांच्या चुलीचा दोष दुहेरी. आच चहूकडून वाऱ्यावर जाते, आणि जो धूर आपण डोळे चोळीत सोसतो तो पुष्कळसा न जळालेले सरपणच असतो. वर्ध्याच्या मगनवाडीने मगन चूल घडविली, पण ती घरात बांधायची. पाठीवर न्यायची नव्हे. डोंगर चढणाऱ्यासाठी आता दुहेरी भिंतीची, डब्याएवढी चूल मिळते. तळच्या भोकांतून हवा आत शिरते. तिच्यातली काही काटक्यांना मिळते. उरलेली दोन भिंतींमधून तापत वर चढते, वरच्या भोकांतून धुरात मिसळते, आणि तो धूरच पेट घेतो. बोटाएवढ्या वाळक्या काटक्यांच्या दोन मुठींवर दोघांचा चहा होतो. मोठे लाकूड तिच्यात मावतच नाही, म्हणून कुऱ्हाडीची गरज पडत नाही. भिंतीमुळे वारा ज्वाळेपर्यंत सहसा पोहोचत नाही.

पण भिंत आली म्हणून शहाणपण येत नाही. चूल उघड्या कातळावरच मांडावी, राख पाणी ओतून हाताला थंड लागेपर्यंत कालवावी. राखीव जंगलात बेपर्वाईने विस्तव करणे १९२७ च्या वनकायद्याने गुन्हा आहे. माघ उलटला, गवत पिवळे पडले की मी ती डब्याची चूलही घरीच ठेवतो. फडक्यात भाकरी, चटणी आणि कांदा पुरेसा होतो.

गेल्या खेपेला गडावर भाकरी सोडताना मी मुलांना त्या पत्राची हकीकत सांगितली. एकाने विचारले, “सर, म्हणजे मावळे विस्तवाची एवढी काळजी घेत होते?”

मी क्षणभर थांबलो. म्हाताऱ्याचा तो काळवंडलेला हात मला आठवला.

“घेत नसावेत, बाळ,” मी म्हणालो. “म्हणून तर पत्र लिहावे लागले.”