स्पेनमध्ये नवं वैद्यकीय उपकरण सरकारी खर्चात कसं येतं?

दंडावर चिकटवलेला सेन्सर मोबाईलने स्कॅन केला की त्वचेखालच्या द्रवातल्या ग्लुकोजचा आकडा दिसतो. बोटाला सुई टोचणं बरंच कमी होतं. उपकरण चालतं, यात वाद नाही. पण त्याचे पैसे सरकारने भरावेत का, आणि कोणासाठी? हे तपासण्याच्या पद्धतीला आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापन, थोडक्यात ‘एचटीए’ म्हणतात. विक्रीचा परवाना आणि एचटीए यांत गल्लत करू नका. परवाना मिळाला म्हणजे उपकरण विकायला योग्य आहे, एवढंच. सध्याच्या उपचारापेक्षा फायदा किती आणि तो त्या खर्चाला साजेसा आहे का, हे एचटीए बघतं. औषधं, तपासण्या, शस्त्रक्रियेच्या नव्या पद्धती हे सगळंच यात येतं.

स्पेनचं उदाहरण मी घेतोय, कारण तिथे हा प्रश्न १७ ठिकाणी सुटतो. १९८६च्या कायद्याने राष्ट्रीय आरोग्य व्यवस्था आली, पण रुग्णालयांचा कारभार हळूहळू १७ स्वायत्त प्रांतांकडे गेला. २००२मध्ये ही प्रक्रिया पूर्ण झाली. अंदालुसियाची लोकसंख्या सुमारे ८५ लाख, ला रियोहाची जेमतेम सव्वातीन लाख. बास्क प्रांताने १९९२मध्ये ‘ओस्तेबा’ ही स्वतःची मूल्यमापन संस्था काढली, अंदालुसियाने १९९६मध्ये. म्हणजे तेच शोधनिबंध वेगवेगळ्या कचेऱ्यांत पुन्हा पुन्हा वाचले जाण्याची सोय झाली, आणि ला रियोहासारख्या छोट्या प्रांताला अशी कचेरीच नाही.

यावर २०१२मध्ये ‘रेडेट्स’ हे जाळं औपचारिकपणे उभं राहिलं. त्यात आठ संस्था आहेत: सात प्रांतांच्या आणि एक केंद्राची. दरवर्षी प्रांत आपल्याला कशाची तपासणी हवी ते कळवतात, प्राधान्यक्रम ठरतो आणि कामं वाटली जातात. एका संस्थेचा अहवाल बाकीच्या मान्य करतात. मला यातली ही सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. औषधांचा रस्ता मात्र वेगळा आहे, त्यांची किंमत आणि सरकारी खर्च केंद्रातच ठरतो.

खरी गोम अहवालानंतर आहे. अहवाल हा सल्ला असतो. मंत्रालय आणि प्रांतांचे प्रतिनिधी मिळून सेवांची सामाईक यादी ठरवतात. यादीतली सेवा प्रत्येक प्रांताने द्यायचीच, वरून कोणी स्वतःच्या पैशाने भर घातली तर मुभा आहे. ग्लुकोज सेन्सर या यादीत टप्प्याटप्प्याने आला: २०१८मध्ये टाइप १ मधुमेह असलेल्या ४ ते १७ वयाच्या मुलांसाठी, २०१९मध्ये टाइप १च्या प्रौढांसाठी, तर २०२२मध्ये दिवसातून अनेकदा इन्सुलिन घेणाऱ्या टाइप २च्या रुग्णांसाठी. खरेदी आणि वाटप पुन्हा प्रांताच्याच हातात, त्यामुळे यादीत नाव आलं तरी सेन्सर हाती कधी पडेल हे पत्त्यावरही ठरतं.

मग सगळं केंद्रानेच ठरवावं का? मला नाही वाटत. सेन्सर साखर किती अचूक मोजतो, हे माद्रिदमध्ये आणि कॅनरी बेटांवर सारखंच असणार. पण मोठ्या रुग्णालयातल्या यंत्रासाठी बेटावरच्या रुग्णाला विमान किंवा बोट पकडावी लागते, तिथे खर्चाचं गणितच बदलतं. पुरावा एकत्र तपासावा, हिशेब जागेवर करावा. युरोपीय संघाचा १२ जानेवारी २०२५पासून लागू झालेला नियमही असाच आहे. कर्करोगाची नवी औषधं आणि जनुकीय व पेशी उपचार यांच्या वैद्यकीय पुराव्याची छाननी सामाईक, किंमत आणि खर्चाचा निर्णय त्या त्या देशाचा.

आपल्याकडेही आरोग्य हा राज्यसूचीतला विषय आहे. केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाखाली २०१७पासून ‘एचटीएइन’ हेच काम करतं. त्यांचा एखादा अहवाल वाचायला घेतलात, तर खर्चाचे आकडे कोणत्या राज्यातले आहेत ते आधी बघा.