बांधाला बांध

वाचकहो, घरात अमेरिकेचा नकाशा असेल तर समोर घ्या आणि त्यावर डॅलस शोधा. टेक्सास राज्यात ते सापडेल. आता सेंट लुईस पाहा. ते डॅलसच्या बरेच पूर्वेला आहे. २००२ साली तिथल्या नॅशनल फुटबॉल लीगने आपल्या ३२ संघांची नव्याने विभागणी केली, तेव्हा पूर्वेकडचे सेंट लुईस पश्चिम विभागात ठेवले गेले आणि पश्चिमेकडचे डॅलस पूर्व विभागात. विभागणी करणाऱ्यांना भूगोल येत नव्हता असे नाही. संघ भूगोलाप्रमाणे लावावेत हाच तर त्या खटाटोपाचा एक मोठा हेतू होता. मग डॅलस पूर्वेला का राहिले?

त्याआधी एक खुलासा. हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावण्याचा, अंगाला अंग भिडवण्याचा हा खेळ. तो इतका दमवणारा की एका संघाने आठवड्यातून एकच सामना खेळायचा. म्हणजे हंगामात सामने थोडे, २००२ मध्ये प्रत्येकी १६. एवढ्या थोड्या सामन्यांत प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळणे शक्य नाही. म्हणून संघांचे विभाग पाडतात. आपल्या विभागातल्या प्रत्येक संघाशी दरवर्षी दोनदा गाठ, एकदा आपल्या अंगणात आणि एकदा त्याच्या. २००२ च्या मांडणीत विभागाबाहेरच्या संघाशी गाठ निश्चित पडते ती तीन किंवा चार वर्षांतून एकदा. तेव्हा तुमच्या विभागात कोण, याचा अर्थ तुमच्या बांधाला कोणाचा बांध लागून आहे. आपल्याकडे भाऊबंदकी म्हणतात ती काय, हे ज्याला कळले त्याला या विभागांचे महत्त्व कळले. भांडण दूरच्याशी होत नाही. ज्याचे तोंड रोज पाहावे लागते त्याच्याशीच होते.

ही घडी बसली १९७० साली. त्यापूर्वी दोन लीग होत्या, जुनी नॅशनल आणि १९६० मध्ये खेळू लागलेली अमेरिकन. खेळाडूंच्या बोलीपायी दोघींचे दिवाळे निघायची वेळ आली, तेव्हा १९६६ च्या जूनमध्ये एकत्र येण्याचे ठरले. जुनीचे १६ संघ, नवीचे १०. दोन बाजू समसमान, म्हणजे १३-१३ करायच्या, तर जुनीतल्या तिघांनी नव्यांच्या पंगतीत बसायला हवे. कोणी तयार होईना. अखेर बाल्टिमोर, क्लीव्हलँड आणि पिट्सबर्ग गेले, प्रत्येकी ३० लाख डॉलर घेऊन. त्यात क्लीव्हलँड आणि पिट्सबर्ग एकाच विभागात गेले ही शहाणपणाची गोष्ट. दोन्ही पोलादाची शहरे, मध्ये जेमतेम दोनशे किलोमीटर, आणि १९५० पासूनचे वैर. पंगत बदलली तरी शेजार सुटला नाही.

उरलेल्या १३ संघांचे मात्र काही केल्या जमेना. थंडीच्या गावांना आपल्या विभागात उबदार मैदान हवे, जो तो मोठी प्रेक्षकसंख्या ओढणारा पाहुणा मागतो, प्रवासखर्च कोणालाच नको. कोणते गाव कोणत्या राज्यात जावे याच्या याद्या ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या गेल्या, त्या सीमाभागातील वाचकांना या वाटाघाटींतली चिडचिड वेगळी सांगायला नको. शेवटी आयुक्त पीट रोझेल यांनी पाच आराखड्यांच्या चिठ्ठ्या एका भांड्यात टाकल्या आणि आपल्या कार्यालयातील चिटणीसबाईंना एक उचलायला सांगितली. लक्षावधी लोकांनी पुढची तीस वर्षे कोणाचा द्वेष करायचा, हे एका चिठ्ठीने ठरले!

त्या चिठ्ठीने अटलांटाला पश्चिम विभागात टाकले. अटलांटा ते लॉस एंजलिस हे अंतर तीन हजार किलोमीटरांहून जास्त. पुढे संघांनीच गावे बदलायला सुरुवात केली आणि गोंधळ वाढला. बाल्टिमोरचा संघ १९८४ मध्ये एका रात्रीत सामान ट्रकमध्ये भरून इंडियानापोलिसला गेला, पण मोडला नाही त्याचा पूर्व विभाग. सेंट लुईसचा जुना संघ १९८८ मध्ये ॲरिझोनाच्या वाळवंटात गेला आणि तिथूनही पूर्व विभागातच खेळत राहिला. (तेथे पुढे १९९५ मध्ये लॉस एंजलिसचा संघ आला आणि त्याने आपला पश्चिम विभाग बरोबर आणला. आरंभीचे कोडे त्यातूनच झाले. २०१६ मध्ये तो संघ परत लॉस एंजलिसला गेला आणि कोडे आपोआप सुटले.) १९९६ मध्ये क्लीव्हलँडचा संघ बाल्टिमोरला गेला, तेव्हा मात्र लोकांनी असा गहजब केला की संघाचे नाव, रंग आणि इतिहास क्लीव्हलँडमध्येच ठेवावा लागला. १९९९ मध्ये त्याच नावाने तिथे नवा संघ उभा राहिला. एकूण संघ झाले ३१. विषम आकड्यामुळे दर आठवड्याला कोणीतरी रिकामे बसू लागले. ह्यूस्टनला ३२ वा संघ मिळणार हे ठरले, तेव्हा सगळी मांडणी नव्याने करण्याची वेळ आली.

मे २००१ मध्ये मालकांनी नवी रचना मंजूर केली. आठ विभाग, प्रत्येकी चार संघ. अटलांटा दक्षिणेत आले, ॲरिझोना पश्चिमेला गेले, इंडियानापोलिस पूर्वेतून निघाले. नकाशावरच्या बहुतेक चुका दुरुस्त झाल्या. पण जिथे नकाशा आणि वैर यांची गाठ पडली, तिथे वैराचा मान राखला गेला. मायामी देशाच्या दक्षिण टोकाला, तरी पूर्व विभागात राहिले. न्यूयॉर्क, बफेलो, न्यू इंग्लंड यांच्याशी त्याचे हाडवैर १९६६ पासूनचे होते. आणि डॅलस राहिले वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कच्या दुसऱ्या संघाबरोबर.

डॅलस-वॉशिंग्टन वैराचा जन्मच मुळी भूगोलाच्या भांडणातून झाला. १९५० च्या दशकात दक्षिणेकडील राज्यांना सर्वांत जवळचा संघ वॉशिंग्टनचा. त्याचे मालक जॉर्ज मार्शल तो सगळा मुलूख आपली जहागीर समजत. डॅलसला संघ देण्याला त्यांचा कडवा विरोध होता, आणि नव्या संघासाठी मालकांची संमती लागत असे. मार्शल यांच्या संघाचे एक समरगीत होते. शब्द त्यांच्या त्यावेळच्या पत्नीचे, चाल बँडप्रमुखाची. मार्शल यांचे दोघांशीही बिनसले. डॅलसचे क्लिंट मर्चिसन यांच्या बाजूने त्या गीताचे हक्क गुपचूप विकत घेण्यात आले आणि मार्शलना निरोप गेला: मत द्या, गाणे न्या. या खेळाच्या इतिहासात ही हकिगत आवडीने सांगतात. मत पडले, १९६० मध्ये डॅलसचा संघ उभा राहिला, आणि पुढच्या वर्षापासून दोघे हंगामातून दोनदा एकमेकांसमोर येऊ लागले. चाळीस वर्षे असे भांडल्यावर त्यांना नकाशासाठी वेगळे करणे म्हणजे चांगले रुजलेले झाड उपटण्यासारखे होते.

नवे वैर लावता येत नाही असे मात्र नाही. सिॲटल त्या वर्षी जुने सोबती सोडून सान फ्रान्सिस्कोच्या विभागात आले. सुरुवातीला दोघांना एकमेकांचे काही वाटत नसे. वर्षाला दोन भेटी होत गेल्या. जानेवारी २०१४ मध्ये अंतिम फेरीत जाण्यासाठी ते समोरासमोर आले, सिॲटलने २३-१७ असा विजय मिळवला, तोवर ती दोन गावे एकमेकांचे नाव ऐकून घेत नव्हती. बारा वर्षे लागली. मला या सगळ्या इतिहासातली ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. शेजार नकाशावर असतो, पण वैर भेटीगाठींनी पिकते, आणि त्याला वेळ द्यावा लागतो.

हे सारे मी बडोद्यात बसून लिहितो आहे, त्याला कारण आहे. अमेरिकेत ही मांडणी अमलात आली त्याच २००२ साली आपल्या रणजी करंडकाचे विभाग मोडले. १९३४ पासून ही स्पर्धा विभागवार होत असे, आणि १९५७-५८ पासून विभागात साखळी सामने. पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, बडोदे, गुजरात, सौराष्ट्र. इंदूर मध्य विभागात, आणि विदर्भही तिथेच. हैदराबाद दक्षिणेत, आणि १९८५-८६ पासून गोवाही. म्हणजे मराठी घरे चहूकडे वाटली गेली होती, पण ज्याला त्याला आपला ठरलेला शेजारी होता. साखळीच्या पहिल्याच वर्षी दत्ताजीराव गायकवाडांच्या बडोद्याने मुंबईला विभागातच मागे टाकले आणि करंडक जिंकला. पुढच्या वर्षापासून मुंबईने तो ओळीने पंधरा वेळा नेला. त्या पंधरा वर्षांतही बडोद्याच्या माणसाला दरसाल एक सामना हक्काचा होता. हरायचे, पण मुंबईशी हरायचे!

२००२-०३ पासून संघ 'एलिट' आणि 'प्लेट' अशा प्रतवारीने लावले गेले. बलवानांनी बलवानांशी खेळावे, हे कारण खोटे नव्हते. दुबळ्या शेजाऱ्यावर धावांचे डोंगर रचून निवड समितीपुढे उभे राहणे फार सोपे झाले होते. पण अमेरिकेतल्या मालकांनी खर्च सोसून जे जपले, ते आपण कोणी न मागता देऊन टाकले. २०१६-१७ च्या हंगामात तर सगळे सामने तटस्थ मैदानांवर झाले. दोन संघ तिसऱ्याच गावी, रिकाम्या कट्ट्यांसमोर. पुढच्या वर्षी ती पद्धत सोडून दिली, हे बरे झाले.

ऑक्टोबर २०२४ मध्ये गटवारीच्या योगाने मुंबईचा संघ, विजेतेपद मिरवत, बडोद्याजवळ कोटंबीला आला. बडोद्याने ८४ धावांनी सामना जिंकला. आमच्या वाड्यातील एका आजोबांना मी संध्याकाळी ही बातमी सांगितली. त्यांनी धावसंख्या दोनदा विचारून घेतली. मग म्हणाले, "आता परतीचा सामना मुंबईला कधी?" मी म्हटले, आजोबा, ते पुढचे गट लागल्यावर कळेल.