रौप्यदंडावर कोरलेली परंपरा : ग्लासगो विद्यापीठाचा ज्ञानदंड

दीक्षान्त समारंभाच्या मिरवणुकीत अग्रभागी नेला जाणारा दंड महाराष्ट्रातील विद्यापीठांत ज्ञानदंड म्हणून ओळखला जातो. त्याची वंशावळ मध्ययुगीन युरोपातील गदेपर्यंत जाते. चिलखतालाही पोचे पाडणारे हे शस्त्र राजाच्या अंगरक्षकांच्या हाती असे आणि हळूहळू ते राजसत्तेचे चिन्ह बनले. पुढे नगरसभांनी व विद्यापीठांनी त्याची प्रहारशक्ती काढून घेतली आणि अधिकाराची खूण तेवढी ठेवली. मध्ययुगीन विद्यापीठ म्हणजे अध्यापक व विद्यार्थी यांचा सनदेने मान्य झालेला संघ असे, त्याला स्वतःचे नियम व स्वतःचा न्यायाधिकार असे आणि रेक्टर हा त्याचा निवडून दिलेला प्रमुख असे. रेक्टरच्या पुढे दंड घेऊन चालणारा सेवक बेडेल म्हणून ओळखला जाई. माउलींच्या पालखी सोहळ्यात चोपदाराने दंड उंचावताच दिंड्या निःशब्द होतात, ती आज्ञा चोपदाराची नसून सोहळ्याची असते. बेडेलच्या हातातील दंडाचे सामर्थ्यही असेच संघाचे होते.

या परंपरेचा एक बोलका नमुना स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठात आहे. राजा दुसरा जेम्स याच्या विनंतीवरून पोप पाचवा निकोलस याने १४५१ मध्ये सनद दिली आणि बिशप विल्यम टर्नबुल याच्या पुढाकाराने हे विद्यापीठ उभे राहिले. स्थापनेच्या वेळी त्याच्याजवळ ना स्वतःची इमारत होती ना पुरेसे उत्पन्न, तरीही दंडाची तजवीज लवकरच सुरू झाली. रेक्टर डेव्हिड कॅडझो याने १४६० मध्ये त्यासाठी वीस नोबल, म्हणजे त्या काळची सोन्याची नाणी, दिली. दंडावरील लॅटिन लेख तो विद्यापीठाच्या सार्वजनिक खर्चाने १४६५ मध्ये घेतल्याचे सांगतो. गरीब संस्थेने इतक्या लवकर दंडाचा विचार करावा यात डामडौल नव्हता, कारण या संघाचे अस्तित्व चारचौघांत डोळ्यांना दिसावे असे दुसरे साधन त्याच्यापाशी नव्हते.

हा चांदीचा दंड सुमारे पावणेपाच फूट लांब असून त्याचे वजन साडेतीन किलोहून अधिक आहे. त्याचा माथा षट्कोनी असून त्यावर ढालींच्या आकाराच्या पट्टिका आहेत. एका पट्टिकेवर दंडाची हकिकत कोरलेली आहे आणि इतरांवर कुलचिन्हे, म्हणजे घराण्याची वा संस्थेची ओळख सांगणाऱ्या मुद्रा, आहेत : स्कॉटलंडचे राजचिन्ह, ग्लासगो नगराचे चिन्ह, संस्थापक टर्नबुल, विद्यापीठाला हाय स्ट्रीटवरील जागा देणारा लॉर्ड हॅमिल्टन आणि मॉर्टनचा अर्ल जेम्स डग्लस. यांपैकी शेवटचे नाव विशेष लक्ष वेधते. मॉर्टन हा सहाव्या जेम्सच्या बालपणी राज्याचा कारभार पाहणारा प्रोटेस्टंट प्रतिपालक होता आणि त्याच्याच कारकिर्दीत, १५७७ मध्ये, खालावलेल्या विद्यापीठाला गोव्हन परगण्याच्या चर्चचे उत्पन्न व नवी घटना मिळाली.

त्या वर्षी मात्र दंड स्कॉटलंडमध्ये नव्हताच. १५६० मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने पोपची सत्ता झुगारली, त्याच धामधुमीत आर्चबिशप जेम्स बीटन हा विद्यापीठाचा कुलपती दंड व अनेक दस्तऐवज घेऊन फ्रान्सला गेला. दंड परत आला तो १५९० मध्ये, हेही त्या लेखातच नमूद आहे. मॉर्टनला १५८१ मध्येच देहान्त शासन झाले होते. म्हणजे त्याचे चिन्ह दंडावर आले ते दंड परत आल्यानंतर आणि राजकीय दृष्ट्या बदनाम झालेल्या या उपकारकर्त्याची जाण विद्यापीठाने त्याच्या मृत्यूनंतरही ठेवली. पोपच्या सनदेने विद्यापीठ स्थापणारा कॅथलिक बिशप आणि पोपची सत्ता नाकारणारा प्रतिपालक हे दोघे एकाच माथ्यावर बसले आहेत. धर्मक्रांतीने दुभंगलेल्या शतकात विद्यापीठाने स्वतःच्या इतिहासातील कोणताही अध्याय खोडला नाही, ही या घडणीतील सर्वांत मोठी गोष्ट होय.

आज हा दंड विद्यापीठाच्या बोधचिन्हातही आहे आणि समारंभात तो वाहणाऱ्याला बेडेलस हेच जुने पदनाम आहे. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली तेव्हा त्यांच्यासमोर लंडन विद्यापीठाचा नमुना होता, आणि ब्रिटिश विद्यापीठांचे दीक्षान्त विधीही त्या वाटेने भारतात रुजले. महाराष्ट्रातील ज्ञानदंडाकडे मिरवणुकीचे एक उपकरण म्हणून पाहणे म्हणूनच अपुरे आहे. संस्था कोणाच्या श्रमावर व दातृत्वावर उभी राहिली, तिच्यावर कोणते प्रसंग आले आणि त्यांतून ती कशी तरली, हे ज्या दंडावर वाचता येते तोच त्या संस्थेचा खरा मानबिंदू ठरतो.