कादंबरींतील पात्रांचा आवाज

छापील अक्षरास आवाज नसतो. असें असूनही एखादी कादंबरी वाचून कित्येक वर्षें लोटलीं तरी तींतील एखादें पात्र आपल्या कानांत बोलतच राहतें. आणि दुसरें एखादें पानोपानीं बोलत असूनही मुकें तें मुकेंच. हा भेद आपल्या वाङ्मयांत केव्हां उत्पन्न झाला, हें पाहण्यासारखें आहे.

१८६८ सालीं नारो सदाशिव रिसबूड यांनीं आपल्या अद्भुत कादंबरीस नांव दिलें ‘मंजुघोषा’. मंजुघोषा म्हणजे गोड आवाजाची! पण ग्रंथ मिटल्यावर तो गोड आवाज आपल्या कानांत राहिला आहे, असें निदान मला तरी म्हणतां येत नाहीं. त्या पिढीपुढें एकीकडे बाणभट्ट व दुसरीकडे अरबी गोष्टी होत्या. संस्कृत काव्याच्या कोठारांतून नायिकेस कोकिळेचा कंठ व नायकास मेघाची गंभीरता काढून दिली, कीं लेखक मोकळा. पुढें राजपुत्र काय आणि दासी काय, बहुधा एकाच भारदस्त भाषेंत बोलावयाचीं. विशेषण आवाजाचें, पण बोली ग्रंथकाराची.

बाबा पदमनजींचें ‘यमुनापर्यटन’ याच्याही पूर्वींचें, १८५७ चें. त्यांतील धर्मप्रचाराचा हेतु लपत नाहीं. तथापि यमुना पतीसह प्रवासास निघते व वाटेंत तिच्या कानीं विधवांच्या कहाण्या पडतात, हा बेतच नवा होता. ही यमुना मुख्यतः ऐकणारी. बोलणाऱ्या यमुनेस आणखी तेहतीस वर्षें थांबावें लागलें.

१८९० सालीं ‘करमणूक’ पत्र निघालें आणि त्यांतून हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ क्रमशः येऊं लागली. लेखक सव्वीस वर्षांचा पुरुष. कथा सांगणारी यमू मात्र ब्राह्मण घरांतली बाई. हरिभाऊंचें इंग्रजी वाचन मोठें होतें, हें सर्वश्रुत आहे. परंतु यमूचा स्वर इंग्रजी ग्रंथांतून आणतां येण्याजोगा नव्हता. तो माजघरांतच ऐकावा लागतो. यमूचा आवाज बारीक कीं जाड, याची आपणांस पंचाईत पडत नाहीं. ती सांगतां सांगतां थबकते, मागची आठवण ओढून आणते, स्वतःलाच विचारते. आणि या चालीवरून तिचा श्वाससुद्धां ऐकूं येतो.

माझ्या आजीस लिहितांवाचतां येत नसे. शाळेंत असतांना ही कादंबरी मीं तिला वाचून दाखविली. शंकरमामंजींचें भाषण आलें, कीं मी घसा जाड करून गर्जत असें. दोन दिवस तिनें सोसलें. तिसऱ्या दिवशीं म्हणाली, “अरे, ओरडतोस कशाला? असलीं माणसं ओरडत नाहींत. हळू बोलतात, म्हणून तर घर गप्प होतं.” संवादाविषयीं इतकें नेमकें मला पुढें कोणत्याही टीकाग्रंथांत आढळलें नाहीं.

नंतरच्या कित्येक लेखकांनीं ‘पाणी’चें ‘पानी’ केलें, आणि खेडवळ पात्र सिद्ध झालें असें मानलें. त्यानें पात्राचें गांव कळतें, माणूस कळत नाहीं. व्यंकटेश माडगूळकरांचीं ‘माणदेशी माणसं’ १८९० नंतर जवळजवळ साठ वर्षांनीं, १९४९ सालीं, पुस्तकरूपानें आलीं. त्यांत बोली आहेच. पण खरा आवाज आहे तो माणसें जेथें बोलावयाचीं थांबतात त्या जागीं.

आजी जाऊन पुष्कळ वर्षें झालीं. तिचा आवाज कसा होता, असें कोणी विचारल्यास मला एक विशेषण सुचत नाहीं. घोगरा होता कीं किनरा, हेंही शपथेवर सांगतां यावयाचें नाहीं. मात्र वर्गांत ती कादंबरी वाचून दाखवितांना शंकरमामंजी बोलूं लागले, कीं माझा स्वर आपोआप खालीं येतो, आणि मागच्या बाकांवरचीं मुलें पुढें झुकून ऐकूं लागतात.