म्होरक्या नसलेला गट

आठ-दहा अनोळखी तरुण, एक लाकडी बल्ली, एक फळी, एक दोर. समोर रंगवलेले खांब आणि पिंपं. त्यांतल्या काही रंगांना हात लावायचा नाही. मधली जमीन म्हणजे खंदक असं मानायचं आणि सामानासकट पलीकडे जायचं. गटाला म्होरक्या नेमलेला नाही. बाजूला उभा असलेला अधिकारी नियम सांगतो, वेळ सांगतो आणि गप्प होतो. भारतीय सैन्यदलांत अधिकारी व्हायचं तर सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाच्या, म्हणजे ‘एसएसबी’च्या, पाच दिवसांच्या मुक्कामात हा प्रसंग येतोच. नेतृत्व तपासायचं आणि त्यासाठी नेताच नेमायचा नाही, ही कल्पना मला फार विलक्षण वाटते. तिचा माग काढत गेलं की आपण एडिंबरोला पोचतो आणि तिथून, काहीशा अनपेक्षितपणे, मथुरेला.

१९४१ साली ब्रिटिश लष्करापुढे दोन अडचणी एकदम उभ्या राहिल्या. सैन्य झपाट्याने वाढत होतं आणि अधिकारी पुरत नव्हते. शिवाय जे निवडले जात होते, त्यांतले बरेच जण प्रशिक्षणातच नापास होऊन आपल्या पलटणीत परत जात होते. काही जण मानसिकदृष्ट्या कोलमडून इस्पितळात दाखल होत होते. तोवर निवड व्हायची ती काही मिनिटांच्या मुलाखतीवर. शाळा कोणती, खेळ कोणते, वडील काय करतात, एवढ्यावर कर्नलसाहेबांना माणूस ‘कळत’ असे. सैन्य लहान होतं आणि मुलं ठरावीक घरांतून येत होती, तोवर हे खपून गेलं. कारकुनांची, शिक्षकांची, दुकानदारांची मुलं समोर येऊन बसल्यावर साहेबांची नजर चालेना.

स्कॉटलंडमधल्या लष्करी विभागाचे प्रमुख अँड्र्यू थॉर्न यांनी १९३०च्या दशकात बर्लिनमध्ये लष्करी प्रतिनिधी म्हणून काम केलं होतं. जर्मन सैन्य अधिकारी निवडताना मानसशास्त्रज्ञांची मदत घेतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या पाठिंब्याने एडिंबरोत काही मनोविकारतज्ज्ञांनी प्रयोग सुरू केले आणि १९४२च्या आरंभी पहिलं ‘वॉर ऑफिस सिलेक्शन बोर्ड’ उभं राहिलं. उमेदवारांना काही दिवस एकत्र ठेवायचं, लेखी चाचण्या घ्यायच्या, मुलाखती घ्यायच्या आणि मैदानावर कामाला लावायचं. म्होरक्या नसलेल्या गटाची कल्पना इथे पुढे आणली ती विल्फ्रेड बियॉन यांनी.

बियॉन १८९७ साली मथुरेत जन्मले. वडील पाटबंधाऱ्यांच्या कामावरचे इंजिनियर. आठव्या वर्षी मुलाला शिक्षणासाठी इंग्लंडला धाडलं आणि भारत सुटला तो कायमचा. पहिल्या महायुद्धात विशीत असताना ते रणगाड्यावर अधिकारी होते. १९१७च्या काँब्रेच्या लढाईतल्या कामगिरीबद्दल त्यांना मोठं पदक मिळालं. पुढे ते डॉक्टर झाले, मग मनोविश्लेषक. म्हणजे हुकूम देणं काय असतं हे त्यांनी आधी भोगलं होतं, त्यावर विचार नंतर केला.

त्यांची युक्ती साधी होती. पूल बांधण्यासारखं एखादं काम गटाला द्यायचं. खरी परीक्षा त्या पुलाची नसते. प्रत्येक उमेदवार पेचात सापडलेला असतो: निवड एकट्याची होणार, म्हणून चमकायला तर हवं, पण काम एकट्याने होणारं नाही, म्हणून दुसऱ्याचं ऐकायलाही हवं. स्वतःच्या यशाची ओढ एवढी असताना दुसऱ्याकडे बघायला माणसापाशी किती लक्ष उरतं, हे बियॉनना पाहायचं होतं. नेतृत्व त्यांनी माणसाच्या आत शोधलं नाही, माणसांच्या मधल्या जागेत शोधलं.

ते आणखी एक पाऊल पुढे गेले. अधिकारी होण्याजोगी माणसं कोण, हे पलटणीतल्या सैनिकांनाच सुचवू द्यावं, असं त्यांनी मांडलं. अंतिम निवड मंडळाचीच राहणार होती. तरीही हा प्रयोग थोडा काळ चालून बंद पडला. नेता कोण हे ज्यांनी त्याच्या मागे जायचं त्यांना विचारायचं, हे लष्कराला झेपलं नाही. कल्पनेतला सोयीचा भाग ठेवला गेला आणि गैरसोयीचा वगळला गेला, असं मला वाटतं.

ही पद्धत १९४३ साली डेहराडूनला आली. तिथे प्रायोगिक निवड मंडळ स्थापन झालं. महायुद्धामुळे भारतीय अधिकाऱ्यांची संख्या काही शेकड्यांवरून काही हजारांवर चालली होती. ज्या सैन्याची भरती ‘लढवय्या जमाती’ आणि ‘बिगरलढवय्या जमाती’ अशा वाटणीवर पोसली गेली होती, तिथे उमेदवाराच्या छातीवर आकडा आला. ‘चेस्ट नंबर सात’ला आडनाव नसतं, गाव नसतं. विलायतेत या आकड्याने शाळा झाकली. आपल्याकडे त्याने त्याहून बरंच काही झाकलं. स्वतंत्र भारताने ही पद्धत ठेवली आणि तिला आपलं नावही सापडलं: मनसा, वाचा, कर्मणा. मनसा म्हणजे मानसशास्त्रज्ञाच्या चाचण्या, वाचा म्हणजे मुलाखत, कर्मणा म्हणजे मैदान.

पण मधल्या जागेतली गोष्ट मोजायची कशी? मंडळाला गुण द्यावे लागतात, आणि गुण द्यायचे तर यादी लागते. म्हणून अधिकाऱ्याच्या अंगच्या पंधरा गुणांची यादी आली: तर्कबुद्धी, पुढाकार, सहकार्य, जबाबदारीची जाणीव, धैर्य वगैरे. बियॉननी दाराबाहेर ठेवलेली कल्पना खिडकीतून आत आली. यादी आली की तिचे क्लासही येतात. आज पुण्यात आणि इतरत्र बल्ली-फळी-दोर मांडून सराव करून घेणाऱ्या संस्था आहेत. मंडळापुढे येणाऱ्या अनोळखी गटातला प्रत्येक जण आता सहकार्याचा सराव करून आलेला असू शकतो. मी त्यांना दोष देत नाही. खेड्यातून आलेल्या मुलाला तो पिंपांचा चक्रव्यूह आधी एकदा दिसावा, हे न्याय्यच आहे.

यादीवरचा आक्षेप पुढे खुद्द सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीतूनच आला. १९६०च्या दशकात तिथे शिकवणाऱ्या जॉन अडेर यांचं म्हणणं असं की नेत्याच्या गुणांच्या दोन याद्या एकमेकींशी जुळत नाहीत, आणि यादी वाचून कोणी नेता होत नाही. नेत्याने काय असावं यापेक्षा काय करावं हे शिकवता येतं. त्यासाठी त्यांनी एकमेकांत गुंतलेली तीन वर्तुळं काढली: काम, गट आणि गटातला एकेक माणूस. एक वर्तुळ ढिलं पडलं की बाकीची दोनही कोलमडतात.

डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकादमीत फील्ड मार्शल चेटवुड यांनी डिसेंबर १९३२ मध्ये सांगितलेला क्रम आजही कॅडेटांना पाठ असतो: आधी देश, मग हाताखालचे जवान, आणि स्वतःची सुरक्षितता, आराम सगळ्यात शेवटी. तोही तीन पायऱ्यांचा. फरक एवढाच, की चेटवुडच्या शिडीत ‘स्वतः’ला शेवटची का होईना, पायरी आहे, अडेरच्या आकृतीत नेत्याला स्वतःचं वेगळं वर्तुळच नाही. खडकवासल्याच्या तीन वर्षांत आणि पुढच्या अकादमीत जे घडवायचं असतं, ते माझ्या मते या दोन आकृत्यांच्या दरम्यान कुठेतरी आहे.

हे सगळं सांगायचं कारण वेगळं आहे. पाचव्या दिवशी निकाल लागतो. बहुतेकांच्या चेस्ट नंबरचा पुकारा होत नाही आणि का झाला नाही याचं कारणही मिळत नाही. ती मुलं परतीच्या गाडीत बसतात तेव्हा ‘माझ्यात नेतृत्वच नाही’ हा निष्कर्ष सोबत नेतात. घरचे आणि शेजारचे त्यावर शिक्का मारतात. बियॉनची चाचणी असं काही सांगतच नव्हती. अमुक माणसांच्या गटात, अमुक दिवशी, पेचात सापडल्यावर तू काय केलंस, एवढंच ती सांगते. गट बदलला की उत्तर बदलू शकतं. म्हणून तर मंडळ पुन्हा येण्याची मुभा देतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला निवडले जाणारेही असतात.

बियॉन जानेवारी १९८० मध्ये मुंबईला येणार होते. त्याआधीच, नोव्हेंबर १९७९ मध्ये, ते वारले. जन्मभूमी पुन्हा पाहायची राहून गेली. त्यांची कल्पना मात्र अजून इथल्या मैदानांवर रोज मांडली जाते. ती मांडणाऱ्यांनी आणि तिथून रिकाम्या हाती परतणाऱ्यांनी, दोघांनीही तिचा मूळ अर्थ एकदा ऐकून घ्यायला हवा.