कर्नाळ्याचा राब

कर्नाळ्याचा सुळका मुंबई–गोवा रस्त्यानें जाणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. त्याचा जो इतिहास आम्ही वर्गांत शिकवितों तो गडाचा. १६६५ च्या पुरंदरच्या तहान्वयें शिवाजीमहाराजांस हा गड मोंगलांस द्यावा लागला, १६७० सालीं त्यांनीं तो परत घेतला व १८१८ सालीं तो इंग्रजांच्या हातीं गेला. पण गड पडल्यावर या टापूंत दुसरा एक तंटा अर्धशतकभर धुमसत होता, व तो झाडाच्या पाल्यासाठीं होता. त्याची हकीकत पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळते.

उत्तर कोंकणांतील भातशेतीचा पाया म्हणजे राब. रोपासाठीं राखलेल्या तुकड्यावर उन्हाळ्यांत शेण, कवळाच्या डहाळ्या, गवत व पालापाचोळा यांचे थर देतात, वर बारीक माती पसरतात व तें सर्व सावकाश जाळतात. आंचेनें तणाचें बीं मरतें, जमीन भुसभुशीत होते व राखेचें खत मिळतें. मृगांत पेरलेलें रोप मग जोमानें वर येतें. या कवळासाठीं खांचराच्या जोडीस वरकस जमीन व तीवरील ऐनासारखीं झाडें लागत. म्हणजे खांचर, गोठा आणि डोंगर हीं एकाच शेताचीं तीन अंगें होत. एक तोडलें कीं उरलेलीं दोन लंगडीं झालींच.

१८७८ च्या जंगल कायद्यानें हें अंग तोडलें. रानाचे राखीव व संरक्षित असे वर्ग झाले आणि कवळ तोडणें हा अनेक ठिकाणीं गुन्हा ठरला. सरकारच्या हिशेबीं ऐन म्हणजे लांकूड. कुणब्याच्या हिशेबीं तोच ऐन म्हणजे पाला. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतून तक्रारी इतक्या वाढल्या कीं, मुंबई सरकारला १८८५ सालीं चौकशीसाठीं कमिशन नेमावें लागलें. पुढें डॉ. व्होएल्कर या इंग्रज कृषिरसायनज्ञानें १८९३ च्या आपल्या अहवालांत राबाची चर्चा केली व शेण जळण्याऐवजीं शेतांत पडावें म्हणून जळण व चारा यांसाठीं स्वतंत्र रानें राखावींत, असें सुचविलें.

तथापि शेतकऱ्याची बाजू सर्वस्वीं निर्दोष होती असें म्हणणें इतिहासाशीं प्रतारणा होईल. दरवर्षीं छाटलेलें झाड खुरटतें, उघड्या उतारावरची माती पहिल्याच पावसांत वाहून जाते, आणि जाळलेल्या शेणांतला नत्र हवेंत जातो. रान राखणाऱ्यास शेत दिसलें नाहीं. शेत राखणाऱ्यास रानाचा उद्यां दिसला नाहीं.

या दुराव्याचा शेवट रक्तांत झाला. कर्नाळ्याच्या पश्चिमेस चिरनेर येथें २५ सप्टेंबर १९३० रोजीं जंगल सत्याग्रहासाठीं जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. नाग्या महादू कातकरी व त्यांचे सहकारी त्यांत हुतात्मे झाले. मामलेदार जोशी हेहि त्याच दिवशीं प्राणास मुकले. आपण त्या दिवसाचें स्मरण स्वातंत्र्याच्या नांवानें करितों, व तें योग्यच आहे. परंतु कोयता घेऊन रानांत शिरलेल्या माणसास स्वातंत्र्याचा पहिला अर्थ पाला, जळण व चारा हाच वाटला असेल, हेंहि विसरूं नये.

१९६८ सालीं कर्नाळ्याचें रान पक्ष्यांचें अभयारण्य झालें. तेथील झाडांस आतां निवारा आहे. प्रश्न उरतो तो शेताचा. त्यावर एक उत्तर कोंकणांतच सांपडलें. डॉ. ना. कृ. सावंत यांच्या चारसूत्री भातलागवडींत रोपवाटिकेला तुसाची काळी राख व चिखलणीला गिरिपुष्पाचा पाला देतात. गिरिपुष्प शेताच्या बांधावरच वाढतो; म्हणजे डोंगराचा पाला बांधावर आला. त्या पद्धतींत युरिया-डीएपीच्या गोळ्याहि आहेत. ती जुन्याची भाबडी पूजा नव्हे. शेती, मिळकत व सृष्टि यांचा मेळ घालणाऱ्या ज्या शास्त्राचा आज बोलबाला आहे, त्याचें सार याहून निराळें नाहीं.

मात्र पनवेलच्या आसपास खांचरांचे झपाट्यानें भूखंड होत आहेत. डोंगर राखला आणि त्याच्या पायथ्याचें शेत गेलें, तर एकोणिसाव्या शतकांतलीच चूक आपण उलट बाजूनें केली, असें इतिहासकारास लिहावें लागेल.